कॉइल आणि रोहित्र समजून घेताना : नवशिक्यांसाठी प्रयोगांसह मार्गदर्शन

तारेच्या वेटोळ्यात चुंबक नुसता ठेवून दिला, तर तो वर्षभर तिथे पडून राहिला तरी तारेत वीज निर्माण होत नाही. तोच चुंबक वेटोळ्यात झटकन सरकवला किंवा बाहेर ओढला, तर तेवढ्या क्षणापुरती वीज निर्माण होते. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा सगळा विषय या फरकात सामावलेला आहे. चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलत असावे लागते. ही एक गोष्ट पक्की धरून ठेवली की जनित्र, रोहित्र, रिलेच्या, म्हणजे कॉइलच्या चुंबकत्वाने चालणाऱ्या स्विचच्या, संपर्कावर उडणारी ठिणगी आणि चार्जरमधला नखाएवढा ट्रान्सफॉर्मर या सर्वांचे स्पष्टीकरण तिच्यातूनच मिळत जाते. म्हणून या लेखात सूत्रांआधी हाताने करून पाहण्याचे प्रयोग दिले आहेत.

हा बदल किती सहज नजरेतून सुटतो, याचा दाखला इतिहासातच आहे. तारेतून वीज वाहिली की शेजारची होकायंत्राची सुई हलते, हे ओरस्टेडने १८२० मध्ये दाखवले आणि त्यानंतर अनेकांनी उलट दिशेचा, म्हणजे चुंबकापासून वीज मिळवण्याचा शोध सुरू केला. जिनिव्हाच्या कोलाडॉनने १८२५ मध्ये प्रयोगाची मांडणी अगदी बरोबर केली होती. मात्र मोठ्या चुंबकाचा गॅल्व्हानोमीटरवर, म्हणजे क्षीण धारा दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरवर, थेट परिणाम होऊ नये म्हणून त्याने हा मीटर दुसऱ्या खोलीत ठेवला. चुंबक कॉइलमध्ये सरकवून कोलाडॉन पलीकडच्या खोलीत पोहोचेपर्यंत काटा हलून पुन्हा शून्यावर आलेला असे. मायकेल फॅरेडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळल्या, एकीला बॅटरी जोडली आणि दुसरीला जोडलेली सुई बॅटरी जोडताना व तोडताना, फक्त त्याच दोन क्षणी, हलल्याचे पाहिले. तो त्याच खोलीत होता.

शब्दांविषयी थोडे आधीच सांगितलेले बरे. तारेच्या अनेक वेढ्यांच्या रचनेला पाठ्यपुस्तकात कुंतल म्हणतात, तर कार्यशाळेत सगळे कॉइल किंवा वाइंडिंग म्हणतात. ट्रान्सफॉर्मरला मराठीत रोहित्र हा चांगला रुळलेला शब्द आहे. एखाद्या वेढ्यामधून जाणाऱ्या एकूण चुंबकत्वाला येथे फ्लक्स म्हटले आहे आणि त्याचे एकक वेबर आहे.

पहिली कॉइल

०.३ मिलिमीटर व्यासाची इनॅमलची, म्हणजे विजेला अडवणारा पातळ मुलामा असलेली, तांब्याची तार घ्यावी. पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या एका नळीवर, जिच्यातून १२ मिलिमीटर व्यासाचा दंडगोल नियोडिमियम चुंबक मोकळेपणाने सरकेल, या तारेचे ३०० वेढे एकाच दिशेने गुंडाळावेत. वेढे एकावर एक आले तरी हरकत नाही, पण मध्येच गुंडाळण्याची दिशा उलटली, तर उलट वेढे सुलट वेढ्यांचे काम खोडून काढतात. नळीचा बाहेरचा व्यास १८ मिलिमीटरच्या आसपास असल्यास सुमारे १७ मीटर तार लागेल. गुंडाळी नळीच्या दोन-तीन सेंटिमीटर लांबीतच बसवावी, कारण ती सबंध नळीभर पसरली, तर आखूड चुंबकाचा फ्लक्स एका वेळी थोड्याच वेढ्यांच्या वाट्याला येतो. दोन्ही टोकांना एकेक वीत तार मोकळी सोडावी आणि गुंडाळी सुटू नये म्हणून वर चिकटपट्टी लावावी.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. तारेवरचा लालसर-तपकिरी मुलामा तांब्याच्या रंगात इतका मिसळून जातो, की नवख्या माणसाला तार उघडीच वाटते. मी आयुष्यातली पहिली कॉइल गुंडाळली तेव्हा दोन संध्याकाळी मीटरचा काटा हलण्याची वाट पाहिली, चुंबक बदलला, सेल बदलले, मीटरलाही दोष दिला. तारेची टोके मी खरवडलीच नव्हती, त्यामुळे परिपथ मुळात जुळलाच नव्हता. दोन्ही टोकांचा दीड-दोन सेंटिमीटरचा भाग बारीक पॉलिश पेपरने सर्व बाजूंनी घासावा, इतका की आतले तांबे गुलाबी चमकू लागेल. त्यानंतर मल्टिमीटरने रोध मोजावा. वर दिलेल्या मापांच्या कॉइलचा रोध ४ ओहमच्या आसपास आला पाहिजे. मीटर अनंत रोध दाखवत असेल, तर मुलामा शिल्लक आहे किंवा तार मध्येच तुटली आहे. रोध अपेक्षेपेक्षा फारच कमी असेल, तर कुठेतरी मुलामा सोलला जाऊन वेढे आपापसांत भिडले आहेत.

मापनासाठी शक्यतो काट्याचा मीटर घ्यावा आणि शक्य असल्यास शून्य मध्यभागी असलेला गॅल्व्हानोमीटर वापरावा. साधा डिजिटल मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचन बदलतो, त्यामुळे क्षणार्धाचा धक्का त्याच्या दोन वाचनांच्या मधल्या वेळेत निसटून जातो. म्हणजे कोलाडॉनची खोली मीटरच्या आतच तयार होते.

मीटर जोडून चुंबक हळू आत सरकवावा, मग वेगाने सरकवावा, मग आत स्थिर ठेवावा आणि शेवटी बाहेर ओढावा. चुंबक स्थिर असताना काटा शून्यावर राहतो, बाहेर काढताना तो विरुद्ध बाजूला जातो आणि वेग वाढवला की जास्त हलतो. चुंबकाचे टोक उलटे केले की दिशाही उलटते. चुंबक हातात स्थिर धरून नळीच सरकवली, तरी हेच सगळे घडते, आणि हे प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावे, कारण कोण हलते याला महत्त्व नसून वेढ्यांमधला फ्लक्स बदलतो की नाही याला महत्त्व आहे, हे त्यामुळे हाताला कळते.

आता आकडा काढून पाहू. प्रवर्तित व्होल्टेज म्हणजे वेढ्यांची संख्या गुणिले फ्लक्समधला बदल, भागिले त्या बदलाला लागलेला वेळ. वरच्या आकाराच्या चांगल्या चुंबकाचा फ्लक्स ढोबळमानाने ०.०४५ मिलिवेबर धरता येतो. तो ३०० वेढ्यांमध्ये एक दशांश सेकंदात शिरला, तर सरासरी १३५ मिलिव्होल्ट मिळतात. लाल एलईडी लागण्यासाठी साधारण १.८ व्होल्ट लागतात. म्हणून हजार-बाराशे वेढ्यांची कॉइल घेऊन चुंबक तिच्यातून एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पार व्हावा लागतो. नळी जोरात हलवून ते साधते, आणि हलवून पेटणाऱ्या बिनसेलच्या टॉर्चमध्येही हेच असते.

विरोधाचा नियम

प्रवर्तित विजेची दिशा कोणती, याचे उत्तर हेन्रिख लेंझने १८३४ मध्ये दिले. ज्या बदलामुळे वीज निर्माण झाली, त्या बदलालाच ती विरोध करते. हा निसर्गाचा हट्ट मुळीच नाही. तसे नसते, तर आत ढकललेला चुंबक आपोआप आणखी वेगाने आत ओढला गेला असता आणि काहीही खर्च न करता ऊर्जा मिळाली असती.

हा विरोध डोळ्यांनी पाहायचा असेल, तर जाड भिंतीचा, सुमारे मीटरभर लांबीचा तांब्याचा पाइप उभा धरून त्यात जेमतेम मावणारा नियोडिमियम चुंबक सोडावा. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरीही एरवी अर्ध्या सेकंदाच्या आत खाली पडणारा चुंबक पाइपमधून कित्येक सेकंद रेंगाळत उतरतो. पाइपची भिंत म्हणजे एकमेकांवर रचलेली एकेका वेढ्याची असंख्य कडी असतात. चुंबक जवळ येताना आणि दूर जाताना त्या प्रत्येक कड्यात धारा फिरते आणि ती चुंबकाला अडवते. धातूच्या अंगात अशा गोल फिरणाऱ्या धारांना भोवरा धारा म्हणतात. रोहित्राच्या गाभ्याची, म्हणजे कॉइलच्या आतल्या लोखंडाची, रचना समजून घेताना त्या पुन्हा भेटतील.

कॉइल स्वतःलाही विरोध करते. तिच्यातली धारा बदलली की तिचा स्वतःचा फ्लक्स बदलतो आणि त्या बदलामुळे तिच्यातच उलट व्होल्टेज निर्माण होते. याला स्वप्रवर्तन म्हणतात. त्याचे एकक हेन्री हे अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीच्या नावावरून पडले आहे. बॅटरी जोडल्यावर धारा हळूहळू चढते, यात धोका काहीच नाही. संपर्क तोडताना मात्र धारा अगदी कमी वेळात शून्यावर येते. बदलाचा वेळ लहान, म्हणून व्होल्टेज प्रचंड. ९ व्होल्टच्या बॅटरीवरील रिलेची कॉइल तोडतानाही शंभराहून अधिक व्होल्टचा झटका निर्माण होऊ शकतो, म्हणून अशा वेळी तारांची उघडी टोके बोटांत धरू नयेत. इलेक्ट्रॉनिक परिपथात रिलेच्या कॉइलवर डायोड, म्हणजे एकाच दिशेने धारा जाऊ देणारा भाग, उलटा जोडतात, तो हा झटका कॉइलमध्येच फिरवून जिरवण्यासाठी. तो विसरल्यास कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर बहुधा फार काळ टिकत नाही. पेट्रोल इंजिनची इग्निशन कॉइल मात्र याच झटक्यावर चालते. तिच्या प्राथमिक कॉइलमधली १२ व्होल्टवरची धारा अचानक तोडली जाते आणि कितीतरी पट जास्त वेढ्यांच्या दुय्यम कॉइलमध्ये २०,००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक व्होल्टेज उठून प्लगवर ठिणगी पडते.

एका कॉइलमधून दुसरीत

फॅरेडेचा कड्याचा प्रयोग घरी करण्यासाठी एक जाड लोखंडी बोल्ट पुरतो. त्यावर कागदाचा एक थर देऊन १०० वेढे गुंडाळावेत, पुन्हा कागद द्यावा आणि वर दुसऱ्या तारेचे ५०० वेढे गुंडाळावेत. आतल्या कॉइलला प्राथमिक आणि बाहेरच्या कॉइलला दुय्यम म्हणावे. दुय्यम कॉइलला काट्याचा मीटर जोडावा आणि प्राथमिक कॉइलच्या तारा १.५ व्होल्टच्या सेलला टेकवाव्यात. टेकवताच काटा एका बाजूला उडी मारून परत येतो, तारा टेकलेल्या असेपर्यंत स्वस्थ बसतो आणि त्या काढताच दुसऱ्या बाजूला उडी मारतो. सेल फार वेळ जोडून ठेवू नये, कारण तो आणि तार दोन्ही तापतात. दोन्ही कॉइलच्या तारा एकमेकींना कुठेही शिवत नाहीत. एकीकडून दुसरीकडे गेलेली ऊर्जा बदलत्या फ्लक्समधूनच गेलेली असते.

सेल सेकंदाला पन्नास वेळा जोडत आणि तोडत बसण्याऐवजी मुळातच सतत बदलणारी, म्हणजे प्रत्यावर्ती किंवा एसी धारा दिली, की या मांडणीचे रोहित्र होते. दोन्ही कॉइलमधून जवळजवळ तोच फ्लक्स जातो, त्यामुळे प्रत्येक वेढ्यामागे मिळणारे व्होल्टेज दोन्हीकडे सारखे असते. साहजिकच व्होल्टेजचे गुणोत्तर वेढ्यांच्या गुणोत्तराइतके होते. धारेचे गुणोत्तर याच्या उलट असते, कारण शक्ती वाढवण्याचे सामर्थ्य रोहित्रात नाही. २३० व्होल्ट घेऊन १२ व्होल्टवर ५ अँपिअर, म्हणजे ६० व्होल्ट-अँपिअर देणारे रोहित्र पुरवठ्यातून साधारण ०.२६ अँपिअर घेते, आणि नुकसानीपोटी त्यावर आणखी थोडे.

येथे एका प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक नवशिके येथेच अडखळतात. अशा रोहित्राच्या प्राथमिक कॉइलचा रोध समजा ३० ओहम आहे. ओहमच्या नियमाने तिच्यातून साडेसात अँपिअरच्या वर धारा वाहायला हवी आणि ती काही क्षणांत जळायला हवी. ती जळत नाही, कारण बदलत्या फ्लक्समुळे तिच्यातच पुरवठ्याच्या जवळजवळ बरोबरीचे उलट व्होल्टेज निर्माण होते आणि धारा वाहवण्यासाठी अगदी थोडा फरक उरतो. दुय्यम बाजूला भार जोडला, की तिथली धारा लेंझच्या नियमानुसार फ्लक्सला विरोध करते. फ्लक्स कणभर घटतो, उलट व्होल्टेज किंचित उतरते आणि प्राथमिक कॉइल पुरवठ्यातून नेमकी तेवढी जास्त धारा ओढून फ्लक्स पूर्ववत करते. दुय्यम बाजूला किती मागणी आहे, हे प्राथमिक बाजूला असे कळते. त्याच कॉइलला २३० व्होल्ट दिष्ट, म्हणजे डीसी पुरवठा दिला, तर फ्लक्स एकदा चढून स्थिर होतो, उलट व्होल्टेज नाहीसे होते आणि पावणेदोन किलोवॉट उष्णता त्या बारीक तारेत उतरते. रोहित्र डीसीवर चालत नाही, असे पाठ करण्यापेक्षा ते डीसीवर का जळते, हे लक्षात ठेवलेले अधिक उपयोगी.

गाभा कसा आणि का

बोल्टवरची कॉइल काम करते, पण तिचा बराच फ्लक्स दोन्ही टोकांतून हवेत निसटतो. लोखंडाचा मार्ग पूर्ण बंद केला, तर हे टळते. बुडापेस्टच्या गँझ कारखान्यात झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचे व्यवहार्य रोहित्र तयार केले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टॅन्लीने अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन येथे रोहित्रांच्या साहाय्याने दिवे लावून दाखवले. व्होल्टेज दहापट वाढवल्यास तेवढ्याच शक्तीसाठी धारा एक दशांश लागते आणि तारेतली उष्णता एक शतांश होते. वीज दूरवर नेण्यात एसीची सरशी झाली, ती या साध्या हिशेबामुळे.

गाभा लोखंडाचा एकसंध ठोकळा का नसतो, याचे उत्तर तांब्याच्या पाइपने आधीच दिले आहे. गाभ्याचे लोखंड स्वतःच वाहक आहे, त्यामुळे ठोकळ्यात भोवरा धारा फिरून तो भट्टीसारखा तापेल. म्हणून गाभा ०.३५ किंवा ०.५ मिलिमीटर जाडीच्या, परस्परांपासून विलग केलेल्या पत्र्यांचा करतात. पत्र्याची जाडी निम्मी केली की भोवरा धारांचे नुकसान एक चतुर्थांश होते. पत्र्यात सुमारे तीन टक्के सिलिकॉन मिसळल्याने त्याचा रोध वाढतो आणि हे नुकसान आणखी घटते. लहान रोहित्रात हे पत्रे ई आणि आय या इंग्रजी अक्षरांच्या आकाराचे असतात. ते बॉबिनमध्ये, म्हणजे कॉइल गुंडाळलेल्या पोकळ रिळात, बसवताना एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून असे आळीपाळीने घालतात, म्हणजे सांध्याची फट एकाच जागी साचत नाही. पत्रे सैल राहिल्यास रोहित्र गुणगुणते. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर हा आवाज १०० हर्ट्झचा असतो, कारण लोखंडाची लांबी फ्लक्सच्या दोन्ही दिशांना सारखीच बदलते.

वेढ्यांचा हिशेब

प्रत्येक वेढ्यामागचे व्होल्टेज काढण्यासाठी ४.४४, वारंवारता, टेस्लामधली फ्लक्स घनता (दर चौरस मीटरमधला फ्लक्स) आणि चौरस मीटरमधले गाभ्याचे छेद क्षेत्रफळ या चारांचा गुणाकार करावा. गाभ्याच्या मधल्या पायाचे, म्हणजे ई अक्षराच्या मधल्या दांडीचे, क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००१ चौरस मीटर, वारंवारता ५० हर्ट्झ आणि फ्लक्स घनता १.२ टेस्ला धरल्यास उत्तर ०.२६६ व्होल्ट येते. २३० व्होल्टसाठी सुमारे ८६३ वेढे आणि १२ व्होल्टसाठी ४५ वेढे लागतील. भार पडल्यावर तारांच्या रोधामुळे व्होल्टेज थोडे उतरते, म्हणून दुय्यम बाजूला पाचेक टक्के वाढवून ४७ किंवा ४८ वेढे द्यावेत. तारेच्या छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरला ३ अँपिअर हे लहान रोहित्रासाठी सुरक्षित प्रमाण धरले, तर ०.२६ अँपिअरला ०.३३ मिलिमीटर आणि ५ अँपिअरला जवळजवळ १.५ मिलिमीटर व्यासाची तार लागते. वेढे वाचवण्यासाठी फ्लक्स घनता वाढवत नेण्याचा मोह टाळावा. लोखंड संपृक्त झाले, म्हणजे त्याची फ्लक्स वाहण्याची क्षमता भरली, की फ्लक्स पुरेसा वाढत नाही आणि बिनभार रोहित्रही भरमसाट धारा ओढून तापते.

याच सूत्रात वारंवारता हजारपट केली, तर तेवढ्याच व्होल्टेजसाठी लोखंडही कमी लागते आणि वेढेही. मोबाइलच्या चार्जरमध्ये पुरवठ्याचे आधी डीसी करतात आणि मग हजारो हर्ट्झच्या वारंवारतेने तो चालू-बंद करून छोट्या रोहित्राला देतात. त्याचा गाभा फेराइटचा, म्हणजे विजेला फार रोध करणाऱ्या चुंबकीय सिरॅमिकचा असतो, कारण इतक्या वारंवारतेला पत्र्यांतसुद्धा भोवरा धारा माजतात.

तपासणी आणि काळजी

नवशिक्याने स्वतः गुंडाळलेले रोहित्र थेट घरच्या पुरवठ्याला जोडू नये. तयार, बंदिस्त रोहित्रातून मिळणाऱ्या ६ किंवा १२ व्होल्ट एसीवर सर्व प्रयोग होतात. मात्र कमी व्होल्टेज देऊनही दुय्यम बाजूला वेढे फार जास्त असतील, तर धोकादायक व्होल्टेज मिळू शकते, याचे भान ठेवावे. प्राथमिक आणि दुय्यम कॉइल विद्युतदृष्ट्या अलग असल्याची खात्री मल्टिमीटरने करावी. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्हींसाठी एकच वाइंडिंग असते, त्यामुळे तिथे असे संरक्षण मुळीच नसते.

जुन्या, बिनखुणांच्या रोहित्राची टोके ओळखायची असतील, तर रोध मोजावा. व्होल्टेज उतरवणाऱ्या रोहित्रात बारीक तारेची, जास्त रोधाची कॉइल प्राथमिक असते. पण जळालेले रोहित्र रोधावरून नेहमीच पकडता येत नाही. वरच्या उदाहरणातील ८६३ वेढ्यांपैकी एका वेढ्याचा मुलामा जळून तो स्वतःशीच शॉर्ट झाला, तर मीटरवर फरक दिसतच नाही. त्या वेढ्याची लांबी १६ सेंटिमीटर धरली, तर त्याचा रोध ०.०३२ ओहम भरतो. त्यात निर्माण होणारे ०.२६६ व्होल्ट त्या चिमुकल्या कड्यातून सव्वाआठ अँपिअर धारा फिरवतात, आणि तीही ०.२६ अँपिअरसाठी निवडलेल्या तारेतून. शेजारचा मुलामा जळतो, दुसरा वेढा शॉर्ट होतो, आणि मग वास येतो.

म्हणून अनुभवी कारागीर प्राथमिक कॉइलच्या मालिकेत ६० वॉटचा तारेचा, म्हणजे फिलामेंटचा बल्ब लावून रोहित्र तपासतात. दुय्यम बाजू मोकळी असताना बल्ब विझलेला राहिला किंवा मंद लाल झाला, तर कॉइल बहुधा ठीक आहे. तो उजळ पेटला, तर आत कुठेतरी वेढे शॉर्ट आहेत. ही तपासणी पुरवठ्याच्या पूर्ण व्होल्टेजवर होते, त्यामुळे ती जाणकाराच्या देखरेखीखालीच करावी, आणि एलईडी दिवा मालिकेत लावून तिचा निकाल काढू नये, कारण तो अगदी थोड्या धारेवरही लखलखतो.